खलाशी नसलेल्या होडीचा वीजहिशोब

ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत ठाण्याची खाडी साधारण १० किलोमीटर भरते. पश्चिमेच्या काठाला फ्लेमिंगो अभयारण्य, पूर्वेला घणसोली-कोपरखैरण्याची वस्ती आणि तिच्यामागे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. मध्ये चिखल, तिवरं आणि दिवसातून दोनदा आत येऊन दोनदा बाहेर जाणारं पाणी. २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आता या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, क्षार किती, गढूळपणा किती, हे वर्षभर मोजत राहायचं आहे असं धरा. म्हणजे रात्री दोनलाही, आणि जुलैच्या मुसळधार पावसातही.

माणसं पाठवून हे जमत नाही. दिवसा दोन नमुने घेऊन मचवा परत येतो आणि रात्री पाण्याचं काय झालं ते कळतच नाही. म्हणून जगभर अशा कामासाठी स्वतःच चालणारी, स्वतःच वाट ठरवणारी यंत्रं वापरतात. काही पाण्यावर तरंगतात, काही पाण्याखाली जातात. लोकांना वाटतं की यातला अवघड भाग म्हणजे होडीला 'अक्कल' देणं. पण जीपीएस, होकायंत्र आणि तळहाताएवढा संगणक यांवर वाट धरून चालणारी होडी आज इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलंही बनवतात. ती तिसऱ्या दिवशी बंद पडते ती वीज संपून. म्हणून पाण्यात काही उतरवण्याआधी कागदावर किंवा संगणकावर विजेचा हिशोब मांडतात. त्यालाच ऊर्जेचं मॉडेल म्हणतात.

हा हिशोब समजून घ्यायला आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी पुरेशी आहे. महापालिकेचं पाणी सकाळी दोन तास येतं, वापर मात्र दिवसभर चालतो. रोज येतं त्यापेक्षा रोज लागतं ते कमी असलं, तरी संध्याकाळी नळ कोरडे पडू शकतात, कारण टाकी लहान असते. आणि टाकी भरल्यावरही पाणी येत राहिलं तर ते गच्चीवरून वाहून जातं, उद्यासाठी उरत नाही. होडीची बॅटरी अगदी अशीच वागते. त्यामुळे 'रोज सरासरी किती येतं आणि किती जातं' एवढ्यावर भागत नाही. दर तासाला किती शिल्लक, हे बघावं लागतं.

मॉडेलचा गाभा एका वाक्यात बसतो: या तासाच्या शेवटी बॅटरीत जे उरलं ते = आधीची शिल्लक + या तासात सौर पॅनेलने दिलेलं − या तासात खर्चलेलं; आणि ही शिल्लक शून्याखाली जात नाही, बॅटरीच्या क्षमतेवरही जात नाही. हेच गणित वर्षाच्या ८,७६० तासांसाठी ओळीने करत गेलं की झालं. एक्सेलमध्येही होतं. सगळी मेहनत 'दिलेलं' आणि 'खर्चलेलं' हे दोन आकडे खरे काढण्यात जाते.

आधी खर्चाकडे बघू. समजा आपली होडी दोन मीटर लांब, शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन तरंगत्या पेट्यांची, वर एक चौरस मीटरचं पॅनेल असलेली आहे. तिचा काही खर्च बसल्या जागी होतो: संगणक, जीपीएस, मोबाइल मोडेम, पाण्यात बुडवलेले सेन्सर, रात्रीचा दिवा. जहाजावरचे इंजिनीअर याला हॉटेल लोड म्हणतात. आपण तो १० वॅट धरू. ऐकायला किरकोळ वाटतो, पण हा मीटर रात्रंदिवस फिरतो. २४ तासांत २४० वॅट-तास (एक वॅट तासभर चालला की एक वॅट-तास). नवख्या मंडळींच्या हिशोबात हाच सर्वांत जास्त निसटतो, कारण सगळ्यांचं लक्ष मोटरकडे असतं.

मोटरचा खर्च वेगळ्या स्वभावाचा. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट केला की शक्ती आठपट. आपल्या होडीला सेकंदाला १ मीटर वेगाने जायला ४० वॅट लागतात असं धरलं, तर अर्धा मीटर वेगाला फक्त ५ वॅट लागतील आणि २ मीटर वेगाला ३२०. (प्रत्यक्षात वेग वाढला की होडी स्वतःच लाटा उठवायला लागते आणि खर्च याहूनही वर जातो. पण तूर्त घनावर थांबू.)

मग सगळ्यात हळू जाणं सगळ्यात स्वस्त? इथे हे दोन खर्च एकमेकांना भिडतात. फार हळू गेलात तर मोटर काही खात नाही, पण किलोमीटर कापायला तासन्‌तास लागतात आणि तेवढा वेळ ते १० वॅट चालूच राहतात. एक किलोमीटरला किती वीज लागते ते काढू. पाव मीटर वेगाने सुमारे १२ वॅट-तास. अर्ध्या मीटरने ८.३. एक मीटरने १४. दोन मीटरने जवळपास ४६. म्हणजे सगळ्यात स्वस्त वेग मधेच कुठेतरी आहे, आणि गणित केलं तर एक सुटसुटीत नियम हाती लागतो: मोटरवरचा खर्च बसल्या जागच्या खर्चाच्या बरोबर निम्मा होईल तो वेग निवडा. आपल्याकडे १० वॅटच्या निम्मे ५, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हळू.

याचा एक मजेशीर परिणाम आहे. जास्त वीज खाणारा सेन्सर बसवला तर होडीने हळू नाही, उलट जरा जोरात जायला हवं. काम लवकर उरकून तो सेन्सर बंद करणं स्वस्त पडतं. आणि बसल्या जागचा खर्च कमी केला तर होडीला आणखी हळू जाणं परवडतं, म्हणजे फायदा दोन्हीकडून. त्यामुळे माझं मत असं आहे की, मोठी बॅटरी घेण्याआधी मोडेम दर मिनिटाला कशासाठी बोलतो हे विचारावं.

समुद्रात वर्षानुवर्षं टिकलेली यंत्रं बघा, सगळी मंद आहेत. आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगते फ्लोट जगभरच्या समुद्रांत सोडलेले आहेत. भारताचा वाटा हैदराबादची इन्कॉईस ही संस्था सांभाळते. हा फ्लोट एक हजार मीटर खोलीवर निपचित वाहत राहतो, साधारण दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून मोजमाप घेत वर येतो, उपग्रहाला माहिती देतो आणि पुन्हा बुडतो. त्याला मोटर-पंखा नाहीच. फक्त थोडं तेल एका पिशवीत ढकलून किंवा आत ओढून तो आपला आकार बदलतो, त्याने हलका-जड होतो. एका बॅटरीवर चार-पाच वर्षं जातात. याच युक्तीला पंख जोडले की ग्लायडर होतो: खाली जाताना आणि वर येताना तो थोडा पुढे सरकतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचा असा एक ग्लायडर २००९ मध्ये न्यू जर्सीजवळून निघून २२१ दिवसांनी स्पेनच्या किनाऱ्यापाशी पोचला. वाऱ्यावर चालणाऱ्या सेलड्रोनने २०१९ मध्ये १९६ दिवसांत अंटार्क्टिकाला फेरी मारली. तिथे पुढे ढकलायला वारा होता, सौर पॅनेलने फक्त यंत्रं चालवली.

डिझेल का नको, असं विचारणारा कोणीतरी असतोच आणि प्रश्न रास्त आहे. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ हजार वॅट-तास असतात. इंजिनात निम्म्याहून जास्त वाया गेले तरी हाती चार-पाच हजार राहतात. लिथियम बॅटरीचा पूर्ण पॅक किलोला दीडशेच्या आसपास देतो. मोठ्या अंतराला, मोठ्या वेगाला डिझेलला तोड नाही. पण डिझेल संपलं की संपलं. आणि अभयारण्याच्या पाण्यात, ऑक्सिजन मोजायला निघालेल्या होडीने तेल सांडत फिरणं हा विनोदच होईल.

आता खाडीचं पाणी हिशोबात घेऊ. इथे पाणी शांत नसतं. मुंबई-ठाण्याला उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास जाते आणि एवढं पाणी सव्वासहा तासांत आत येऊन तेवढ्याच वेळात बाहेर पडतं. दिवाळ्याच्या किंवा वाशीगावच्या कोळ्याला यासाठी संगणक लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे. हेही मॉडेलच आहे, आणि गेल्या शेकडो वर्षांत ते दुरुस्त करावं लागलेलं नाही. आपण भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं वापरू, त्यांत उंचीही मिळते.

होडीला ऐरोलीहून वाशीकडे जायचं आहे आणि भरती आत चढते आहे. प्रवाह समोरून सेकंदाला ०.६ मीटर आहे असं धरू. अर्ध्या मीटरचा तो 'सगळ्यात स्वस्त' वेग आता काय करेल? होडी मागे जाईल. प्रवाहाविरुद्ध नवा स्वस्त वेग काढावा लागतो, तो आपल्या आकड्यांनी सेकंदाला सुमारे १ मीटर येतो. पाण्यातून एक मीटर, पण काठाच्या हिशोबाने फक्त ०.४. किलोमीटरला ३५ वॅट-तास. तेच प्रवाहाबरोबर, अर्ध्या मीटरच्या वेगाने गेलं तर किलोमीटरला जेमतेम ४.

नऊपट फरक आहे. मग पाणी फिरेपर्यंत वाट बघावी का? नांगर टाकून सहा तास थांबायला बसल्या जागचे ६० वॅट-तास लागतात. पाच किलोमीटर जायचं असेल तर: आत्ताच निघालात तर १७५, थांबून निघालात तर ६० अधिक १९, म्हणजे ७९. निम्म्याहून कमी. पण दोनच किलोमीटर जायचं असेल तर ७० विरुद्ध ६८, म्हणजे थांबण्यात काही राम नाही. दोन किलोमीटरच्या पुढे थांबा, आत असेल तर निघा. हा नियम होडीच्या संगणकात एका ओळीत लिहिता येतो, आणि माझ्या मते सगळ्या मॉडेलमधली सर्वांत मोलाची ओळ हीच.

खर्चानंतर जमा. सूर्याचा हिशोब सोपा वाटतो आणि तिथेच घात होतो. आपलं पॅनेल २०० वॅटचं. हा आकडा कारखान्यातल्या परीक्षेचा: चौरस मीटरला एक हजार वॅटचं ऊन आणि २५ अंश तापमानाचं पॅनेल. मे महिन्यात नेरुळच्या उन्हात तेच पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्का उत्पादन गमावतं, म्हणजे नुसत्या उष्णतेपायी १४ टक्के गेले. मग क्षाराचा थर, वायरीतलं नुकसान, होडी हलल्याने बदलणारा कोन, आणि हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांची विष्ठा. पॅनेलचे भाग साखळीने जोडलेले असल्यामुळे एका कोपऱ्यावरचा डागही पूर्ण साखळी मंदावतो. सगळं धरून ७० टक्के हाती येतात असं मानू.

मेमध्ये दिवसाला सहा तासांच्या कडक उन्हाएवढी ऊर्जा पडते असं धरलं तर रोजची जमा ८४० वॅट-तास. जुलैत ती निम्मी, ४२०. खर्च? बसल्या जागचे २४० आणि रोज आठ तास अर्ध्या मीटर वेगाने फिरायला ४०, एकूण २८०. (प्रवाह सोयीचा गाठून फिरतो आहोत असं समजून.) म्हणजे जुलैतही रोज १४० शिल्लक. अहवालात एवढंच लिहिलं तर सगळे खूश.

पण जुलैतलं ऊन रोज थोडं थोडं वाटून येत नाही. चार दिवस झड लागते, आभाळ खाली उतरतं, आणि पॅनेलला दिवसाला १४० वॅट-तास मिळाले तरी पुष्कळ. मग दोन दिवस लख्ख उघडीप. आपली बॅटरी ६०० वॅट-तासांची, पण तिचं आयुष्य टिकवायला त्यातले ४८०च वापरायचे. झडीत रोज १४०ची तूट. तीन दिवसांत ४२० गेले, चौथ्या दिवशी होडी गप्प. आणि पाचव्या दिवशी ऊन पडलं तरी ती तिवरांच्या मुळांत अडकलेली. महिन्याची सरासरी मात्र शेवटपर्यंत 'शिल्लक' दाखवत राहते. उलट मेमध्ये रोज ५६० वॅट-तास जास्तीचे, पण बॅटरी सकाळीच काठोकाठ भरते आणि पुढचं ऊन फुकट. मेची कमाई जुलैत वापरता येत नाही. त्या दुपारी जोरात फिरून तळाचा सोनार सर्व्हे, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोलीची मोजणी, उरकून घेणं एवढंच शहाणपण.

म्हणून मॉडेल एकदा चालवून थांबत नाहीत. गेल्या अनेक वर्षांच्या उन्हाच्या नोंदी नासाच्या पॉवर या संकेतस्थळावर कुठल्याही ठिकाणासाठी फुकट मिळतात. त्यातले जुलै एकामागून एक घालून, होडी वेगवेगळ्या तारखांना सोडून, हिशोब हजार वेळा चालवायचा. हजारपैकी किती वेळा ती बंद पडली? पन्नास वेळा पडली तर पाच टक्के धोका. हाच आकडा खरेदी करणाऱ्याने मागायला हवा. माहितीपत्रकात छापलेलं 'इतके तास चालते' हे वाक्य शांत पाण्यात, नव्या बॅटरीवर, बहुतेक सेन्सर बंद ठेवून मिळवलेलं असू शकतं. कोणत्या वेगाला आणि किती हॉटेल लोडला, हे विचारलं की बोलणं जमिनीवर येतं.

बॅटरीत नक्की किती उरलं हे होडीला कसं कळतं, हा एक छोटा पण त्रासदायक मुद्दा. हल्ली सुरक्षित म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या वापरतात. त्यांचं व्होल्टेज जवळजवळ पूर्ण भरल्यापासून जवळजवळ रिकाम्यापर्यंत सपाट राहतं, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून अंदाज येत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह सतत मोजून बेरीज ठेवावी लागते, आणि बॅटरी पूर्ण भरली की ती बेरीज पुन्हा जुळवून घ्यावी लागते. झडीच्या दिवसांत ती पूर्ण भरतच नाही. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी अंदाज ढिला.

आणि ते ४० वॅट? ते पुस्तकातून येत नाहीत. उपवन तलावासारख्या संथ पाण्यात परवानगी काढून होडी वेगवेगळ्या ठरावीक वेगांनी सरळ रेषेत न्यायची, जाऊन-येऊन, म्हणजे वाऱ्याचा परिणाम कटतो, आणि प्रत्येक वेगाला मोटर किती वॅट घेते ते लिहायचं. मग हेच खाडीत महिनाभर ठेवल्यावर पुन्हा. इथल्या पाण्यात बुडालेल्या कुठल्याही गोष्टीवर शेवाळ आणि बार्नॅकल (घट्ट चिकटून बसणारे कवचाचे जीव) बघता बघता चढतात. ४०चे ६० झाले असं धरा: अर्ध्या मीटर वेगाला एकूण खर्च १५वरून १७.५ होतो, पण एक मीटर वेगाला ५०वरून ७०. हळू चालणाऱ्या होडीला घाण कमी बाधते. पंख्यात गुंतणारी प्लास्टिकची पिशवी मात्र कोणत्याच समीकरणात बसत नाही. तिच्यासाठी मोटरचा प्रवाह अचानक वाढला की पंखा उलटा फिरवा, एवढाच नियम घालून ठेवतात.

आता शेवटचा प्रश्न, होडी परत कधी फिरवायची. सगळ्यात प्रचलित नियम: २० टक्के उरले की घरी. आपल्या ४८०च्या २० टक्के म्हणजे ९६ वॅट-तास. धक्का वरच्या अंगाला चार किलोमीटरवर आहे. पाणी स्थिर असेल तर लागतात ३३, आरामात पोचलो. ओहोटी समोरून असेल तर १४०, नाही पोचत. नांगर टाकून थांबलो तर ६० अधिक १५, म्हणजे ७५, पोचतो. तेच ९६ वॅट-तास, आणि उत्तरं तीन. राखीव साठा टक्क्यांत ठरवून चालत नाही. त्या क्षणाच्या पाण्यावरून दर काही मिनिटांनी तो नव्याने काढावा लागतो.

नांगरच नसेल तर? होडीला एका जागी टिकायला प्रवाहाएवढ्या वेगाने उलट दिशेला चालत राहावं लागतं. ०.६चा प्रवाह धरला तर मोटरला ८.६ वॅट, सहा तासांचे बसल्या जागच्या खर्चासह ११२ वॅट-तास. पण ०.६ ही ओहोटीची सरासरी. खरा प्रवाह शून्यातून सुरू होतो, मधल्या तासांत ०.९च्या पुढे जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. खर्च घनाने वाढत असल्यामुळे मधल्या तासांचा भुर्दंड कडेच्या तासांच्या बचतीने भरून निघत नाही. तासातासाने बेरीज केली की मोटरचे सरासरी १४ वॅट निघतात आणि एकूण १४५ वॅट-तास. नांगर टाकून ६०, न टाकता १४५. दिवसाला ओहोट्या दोन, म्हणजे फरक १७०. झडीच्या दिवशी पूर्ण पॅनेल १४० देतं. ही तूट मोठी बॅटरी घेऊन भागत नाही, कारण ती भरायला वीज येणार कुठून. म्हणून अशा होडीच्या आराखड्यात दोन-तीन किलोचा नांगर आणि तो वर-खाली करणारी छोटी रहाट यांचा विचार बॅटरीबरोबरच, ऊर्जेच्याच पानावर करावा लागतो.